मोयाकोला पाय नसतात

भुताला पाय असतात की नसतात, आणि असले तर ते पुढं वळलेले असतात की मागं, याबद्दल वयाची शेहेचाळीस वर्षं मी काहीही मत न बाळगता काढली. मी शाळेत बाबू आहे. मोहबोडीसारख्या गावातल्या खासगी हायस्कूलचा बाबू म्हणजे हजेरीपट, पगारबिलं आणि शाळा सोडल्याचे दाखले एवढाच माणूस. त्यात भूत कुठं बसत नाही. पण यंदाच्या जानेवारीत आमच्या रंजीताला, म्हणजे आठवीतल्या माझ्या मुलीला, स्नेहसंमेलनाच्या वेशभूषा स्पर्धेत मोयाको व्हायचं होतं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

मोयाको ही एका जपानी कार्टूनमधली भुतीण. हिंदी बोलते. रंजीता रोज जेवताना मोबाईल तांब्याला टेकवून तिला बघायची. मोयाको मेलेली आहे. सुटका हवी असेल तर एका तरी माणसाला घाबरवलं पाहिजे, असा तिकडच्या भुतांच्या ऑफिसचा नियम. (मेल्यावरही ऑफिस सुटत नाही हे पाहून मला जपानी लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली.) पण ही पोरगी इतकी सभ्य, की घाबरवायच्या आधी कमरेत वाकून 'माफ करा, थोडा त्रास देते' असं म्हणते. मग समोरचा घाबरतच नाही. उलट तिच्यापाशी बसून आपलं दुःख सांगत राहतो, आणि ही केसांच्या पडद्याआडून ऐकत राहते. भाग संपतो, सुटका राहून जाते. अंगात पांढरा झगा, तोंडावरून गुडघ्यापर्यंत काळे केस, आणि खाली पाय नाहीत. जपानी भुतं म्हणे तरंगतात.

पहिली अडचण आली ती आमच्या मुख्याध्यापकांकडून. भैयाजी गहाणे सर कागदाला फार जपतात. ते म्हणाले, "बाबू, वेशभूषेत आजवर झाशीची राणी झाली, शेतकरी झाला, मागच्या वर्षी एक एटीएम मशीनही झाली. भूत झालं नाई. त्यात परदेशी. उद्या कोणी म्हनलं, शाळा अंधश्रद्धा पसरवून राह्यली, तं कायदा आहे त्याचा. हमीपत्र द्या." मग मीच मसुदा केला, मीच टाईप केला आणि मीच आवक नोंदवहीत चढवला: 'सदर भूत हे निव्वळ मनोरंजनार्थ असून त्यापासून कोणासही बाधा होणार नाही, झाल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी पालकांची राहील.' त्या वाक्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

दुसरी अडचण शेजारी. आमचे शेजारी लच्छू भाऊ मंडप-बिछायतीचं काम करतात, त्यामुळे लग्नापासून तेराव्यापर्यंत प्रत्येक बाबतीत त्यांचा सल्ला असतो. कुंपणापलीकडून त्यांनी आमची तयारी पाहिली.

"पाय नाई म्हन्जे? कोनतं भूत होय हे?"

"जपानी आहे, भाऊ."

"जपानी असो का नागपुरी. पाय पायजेच. उलटे पायजे. नाई तं लोकायले समजन कसं का भूत होय म्हनून?" आणि मग त्यांनी स्वतःच्या मामानं तळोधीच्या रस्त्यावर पाहिलेल्या उलट्या पायांचं सविस्तर वर्णन केलं, चपलेसकट. त्यांच्या मांडीवर त्यांची चार वर्षांची दीपाली बसली होती. ती हे सगळं डोळे मोठे करून ऐकत होती, आणि मधूनच आपले पाय तपासत होती.

पण रंजीता हट्टाला पेटली. मोयाकोला पाय नसतात म्हणजे नसतात. मग मी डोकं चालवलं, आणि हे डोकं चालवणंच पुढं नडलं. स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरखाली गोल चाकांची ट्रॉली होती. तिच्यावर उभं राहायचं, झगा जमिनीपर्यंत सोडायचा, कोणी दोरीनं ओढायचं. बघणाऱ्याला वाटावं, तरंगतेय. साधनानं, म्हणजे आमच्या घरातल्या वरिष्ठ कार्यालयानं, एवढंच विचारलं, "मंग सिलिंडर कुठी ठेवू? डोक्यावर?" पण ट्रॉली दिली. झगा जुन्या दोन चादरींचा झाला. राहिले केस.

सिंदेवाहीच्या दुकानात कृष्णाचे कुरळे केस होते आणि साईबाबांची दाढी होती. गुडघ्यापर्यंतचे केस कुठंच नव्हते. तेव्हा लच्छू भाऊच म्हणाले, "ठमाबाईकडं जा. अंबाडीचा वाख काळा करून देईल."

ठमाबाई गावाच्या टोकाला, बोडीच्या पाळीजवळ, म्हणजे तळ्याच्या बांधाजवळ, एकटी राहते. सत्तरीची असेल. अंबाडीच्या वाखाचे, म्हणजे सालीच्या धाग्यांचे, दोर वळते. गावातल्या निम्म्या बैलांचे कासरे तिच्या हातचे. नवरा गेला, मग चार वर्षांत दोन्ही मुलगे गेले, एक दारूनं आणि एक ट्रॅक्टरखाली. त्यानंतर लेकुरवाळ्या बाया तिच्या दारावरून जाताना बाळाच्या डोक्यावर पदर ओढू लागल्या. तोंडावर कुणी काही म्हणत नव्हतं. दोर हवाच असायचा प्रत्येकाला.

तिनं लोखंडी कढईत हिरडा उकळून वाख असा काळाकुळकुळीत करून दिला की माझ्या बायकोला स्वतःच्या केसांची लाज वाटली.

"कोनाचं सोंग होय जी, बाबू?"

"भुताचं, बाई. पोरीसाठी."

ती दात नसलेल्या तोंडानं हसली. "भुताचं? मंग वाखाले काऊन आले? मलेच घेऊन जाचं होतं. लोकं तं म्हन्तेतच."

मीही हसलो. मी सुशिक्षित माणूस आहे, अशा गोष्टींवर हसतो.

त्याच आठवड्यात वाघानं बुधरीला नेलं. बोडीच्या पलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, ही बाई, पोचूची बायको. सकाळी आठला काड्या आणायला गेली, दुपारी तीनला सापडली. जेवढी सापडली तेवढी गोणपाटात आणावी लागली, आणि पोचूनं ती कुणाला उचलू दिली नाही. वनरक्षक राजदीप यानं बोडीच्या रस्त्यावर झाडांना ट्रॅप कॅमेरे बांधले आणि दवंडी दिली की पाचनंतर कुणी बाहेर पडू नये. चार दिवस गावात मोठ्यानं कुणी बोललं नाही. स्नेहसंमेलन पुढं ढकलतील असं मला वाटलं होतं, पण भैयाजी सरांनी तारीख तालुक्याला कळवून टाकली होती, आणि कळवलेली तारीख आमच्याकडं वाघही बदलू शकत नाही.

अंगणात पहिल्याच चाचणीत रंजीता ट्रॉलीवरून पडली. गुडघा सोलला. साधना म्हणाली, "आधी तुमी उभे राहा त्याच्यावर. केस लावून, झगा घालून. चाकात कपडा अडकला तं तुमचं डोकं फुटू द्या."

यात तथ्य होतं. अंगणात शेणसड्यामुळं चाकं चालत नव्हती. गावात गुळगुळीत जागा एकच, नवा सिमेंट रस्ता, जो बोडीकडं उतरतो. पाचनंतर तिथं कुणी जात नाही, म्हणजे मला बघायलाही कुणी नाही, असा मी विचार केला. शेहेचाळीस वर्षांच्या लिपिकानं सिलिंडरच्या ट्रॉलीवर बाईचे केस लावून उभं राहणं हे कुणी पाहू नये एवढीच माझी चिंता होती. वाघाची आठवणही झाली नाही. भीतीपेक्षा लाज मोठी असते माणसाला, निदान मला.

सव्वापाच-साडेपाच झाले असतील. मी पिशवीतून झगा काढून घातला, वाख डोक्याला बांधून तोंडावर सोडला आणि ट्रॉलीवर चढलो. उतारानं ती आपोआप चालू लागली. खरं सांगतो, छान वाटलं. झगा फडफडत होता, पाय दिसत नव्हते, मी तरंगत होतो. एका ठिकाणी चाकाखाली खडा आला आणि ट्रॉली थांबली. पलीकडं, हातभर अंतरावर, पोचू उभा होता.

तो बोडीवरून येत असावा. हातात रिकामी कळशी होती. मी काही बोलणार होतो, पण बोललो असतो तर आवाज माझा निघाला असता, आणि उद्या गावभर झालं असतं की बाबू बाईचे केस लावून फिरतो. म्हणून गप्प राहिलो. पोचूनं कळशी खाली ठेवली.

"बुधरी," तो म्हणाला. "आलीस?"

मी केसांच्या आत श्वास धरला.

"त्या दिवशी तुले ताप होता," तो म्हणाला. "तू नाई म्हनली होतीस. मी म्हनलो, काड्या नाई तं चूल कशी पेटन. मीच धाडलं तुले. पोरीले सांगतलं, माय आपल्या मनानं गेली. झूट सांगतलं, बुधरी. आता काय करू सांग."

तो थांबला. उत्तराची वाट बघत होता. मला एकच गोष्ट सुचली, जी आमची रंजीता आठ दिवस आरशासमोर करत होती. मी कमरेत वाकलो. वाकल्यावर वजन पुढं गेलं, चाक खड्यावरून उतरलं, आणि मी वाकलेल्या अवस्थेतच उतारानं निघून गेलो. शेवटी बेशरमीच्या झुडपात शिरलो. वाखाचा एक झुपका वाटेतल्या बाभळीला अडकून तुटला. मागं वळून बघितलं तेव्हा पोचू रस्त्यावर डोकं टेकून होता.

घरी येऊन मी साधनाला सांगितलं. ती चहा गाळता गाळता थांबली. "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्याले."

"सकाळी सांगतो."

सकाळपर्यंत ते माझ्या हातात राहिलं नाही. राजदीपनं कॅमेऱ्याचं कार्ड काढलं तर त्यात वाघ नव्हता, मी होतो. त्यानं तो फोटो विश्वासानं फक्त एका माणसाला दाखवला, आणि नऊ वाजेपर्यंत तो प्रत्येकाच्या मोबाईलवर होता, माझ्याही. खाली लिहिलं होतं, 'महिला, अंदाजे पन्नास वर्षे, पाय दिसत नाहीत.' आता बघा, अशा वेळी माणसाच्या मनात काय यावं? माझ्या मनात आलं, पन्नास कशावरून?

पोचूनं कुणाला काय पाहिलं ते सांगितलं नव्हतं. पण तो रस्त्यावर डोकं टेकून असलेला दोघांनी पाहिला होता. फोटो आणि तो मिळून गावाला पुरे झालं. बुधरी फिरतेय. त्याच दिवशी लच्छू भाऊंच्या दीपालीला सणकून ताप भरला. अकरा महिन्यांपूर्वी त्यांचं एक बाळ गेलं होतं, त्यामुळे तो माणूस ताप म्हटला की अर्धा वेडा होत असे. त्यांनी दुसऱ्या गावचा एक मांत्रिक आणला. त्यानं बोडीचा रस्ता फिरून पाहिला, बाभळीवरचा झुपका काढला, वास घेतला आणि म्हणाला, आत्मा आपण होऊन उठला नाही, कुणीतरी केस बांधून उठवला आहे. झुपका गावात हातोहात फिरला. वाख ओळखायला वेळ लागला नाही. निम्मे बैल त्यालाच बांधलेले होते.

हे सगळं झालं तो रविवार होता. पुढचे तीन दिवस मी काय काय केलं ते क्रमानं सांगतो, कारण काहीच केलं नाही असं म्हणणं खरं होणार नाही.

सोमवारी मी भैयाजी सरांना विश्वासात घेतलं. त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली, मग ते हमीपत्र फाईलमधून काढून मला दाखवलं. "बाबू, बाधा झाल्यास जबाबदारी पालकांची. तुमचीच सही आहे. आता तोंड उघडाल तं संस्था पहिले तुमाले निलंबित करते, मंग चौकशी. पोरीची फी कशी भराल? लोकं दोन दिवसात विसरतेत." त्या दिवशी नळावर ठमाबाईचा पाण्याचा गुंड लाथेनं उडवला गेला. साधनानं ते पाहिलं आणि घरी येऊन माझ्याशी बोलणं बंद केलं.

मंगळवारी मी अर्धी रजा टाकून तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या शिपायानं विचारलं, काय तक्रार आहे? मी म्हणालो, गावात भूत निघालंय. तो म्हणाला, भुताची तक्रार आहे का भुताविरुद्ध? मी म्हणालो, तसं नाही, भूत खोटं आहे. "मग तक्रार कशाची?" मागच्या बाकावरची माणसं हसली. मला एकदम स्वतःच्या इस्त्रीच्या शर्टाची जाणीव झाली. 'चारित्र्य प्रमाणपत्राचा फॉर्म कुठं मिळतो तेवढं विचारायचं होतं,' असं म्हणून मी फॉर्म घेऊन परत आलो. संध्याकाळी गावात शिरलो तेव्हा ठमाबाईच्या मांडवात पसरलेला वाख जळत होता. ती बाजूला उभी राहून बघत होती. विझवायला तिच्याकडं पाणी नव्हतं.

बुधवारी मी निनावी पत्र लिहिलं. दोन पानी. त्यात विज्ञान होतं, संविधान होतं, ट्रॅप कॅमेऱ्याच्या मर्यादा होत्या. फक्त भूत कोण होतं तेवढं नव्हतं. ते मी ग्रामपंचायतीच्या तक्रारपेटीत टाकलं. नंतर कळलं की तिची किल्ली तीन सरपंचांपूर्वी हरवलेली आहे. त्या पेटीत माझं पत्र अजून असेल.

त्या संध्याकाळी दीपालीचा ताप एकशे चारवर गेला होता. कुंपणापलीकडून तिच्या आईचं रडणं ऐकू येत होतं. मी लच्छू भाऊंना हाक मारली, म्हणालो, "भाऊ, पोरीले दवाखान्यात न्या. रक्त तपासा."

ते कुंपणाजवळ आले. डोळे लाल होते. "उद्या सकाळी बुढीचे केस कापून जाळतो. मांत्रिकानं सांगतलं, मंगच उतरन. मंग नेतो दवाखान्यात." आणि हे ते खरंच आशेनं म्हणाले. भूत मीच होतो हे तीन शब्द होते. माझ्या तोंडात ते आले होते. मी म्हणालो, "काळजी घ्या."

गुरुवारी सकाळी उठलो तर साधना पिशवी भरत होती. झगा, वाख. ट्रॉली तिनं सिलिंडरखालून ओढून काढली होती आणि सिलिंडर आडवा पडला होता. तीन दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"समाजमंदिरात घेऊन गेले तिले. तुमी येता का मी एकटी सांगू?"

मी चपला घातल्या. ती पुढं, मी मागं. रस्त्यात तिनं राजदीपला फोन लावला आणि पोलिसांना बोलवायला सांगितलं. मी हे तीन दिवस करू शकलो असतो. फोन माझ्याही खिशात होता.

समाजमंदिरात ऐंशी-नव्वद माणसं असतील. ठमाबाईला मधल्या खांबाशी बसवलं होतं, हात मागं बांधलेले, तिच्याच हातच्या कासऱ्यानं. लच्छू भाऊंच्या हातात कनातीचा कपडा कापायची मोठी कात्री होती. डाव्या बाजूचे केस कापून झाले होते. कानाजवळ कातडी कापली होती आणि रक्त लुगड्यावर उतरत होतं. ती रडत नव्हती. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी तं दोर वळतो जी. मी तं दोरच वळतो."

मी म्हणालो, "थांबा." कुणी ऐकलं नाही. माझा आवाज तेवढाच आहे. शेवटी साधनानं ट्रॉली फरशीवर आपटली. सगळे वळले.

"भूत मी होतो," मी म्हणालो. "पोरीचं सोंग होतं. वाख ठमाबाईकडून मीच नेला. लच्छू भाऊ, तुमीच सांगतलं होतं तिच्याकडं जा म्हनून."

लच्छू भाऊंनी मान हलवली. "बाबू, तुमी शिकलेले मानसं. बुढीले वाचवाले झूट बोलून राह्यले. फोटोत बाई आहे. पाय नाई तिले."

मग मी ते सगळ्यांसमोर केलं. झगा घातला. वाख बांधला. ट्रॉलीवर चढलो. दिवसाढवळ्या, नऊ वाजता, गावच्या समाजमंदिरात, हायस्कूलचा बाबू. कुणी हसलं असतं तर मला बरं वाटलं असतं. कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, हे तर कुणीही करेल, आज केलं म्हणजे त्या दिवशी केलं असं कुठं होतं?

तेव्हा पोचू उठला. तो दाराशी बसला होता. तोवर मी त्याला पाहिलं नव्हतं. माणसं बाजूला झाली. तो माझ्यासमोर, त्या दिवशी होता तेवढ्याच अंतरावर येऊन उभा राहिला.

"वाका," तो म्हणाला.

मी वाकलो. ट्रॉली सरकली, त्यानं हातानं धरून थांबवली.

"मी काय बोललो होतो, ते सांगा."

मी केसांतून त्याच्याकडं बघितलं. नव्वद माणसं ऐकत होती, आणि बायांमध्ये त्याची पोरगी होती. मी ट्रॉलीवरून उतरलो, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि त्यानं बुधरीला जे सांगितलं होतं ते शब्दाला शब्द सांगितलं. ताप. काड्या. मीच धाडलं. पोरीले झूट सांगतलं.

तो मागं सरला. चार दिवस त्या माणसाला वाटत होतं की बायको येऊन ऐकून गेली, आणि वाकून गेली. एवढंच होतं त्याच्याजवळ. तो 'नाही' म्हणू शकला असता. मी त्याच्या जागी असतो तर म्हणालो असतो, याची मला जवळजवळ खात्री आहे.

"हो," पोचू मोठ्यानं म्हणाला. "हाच होता. बुधरी नव्हती. सोडा बाईले."

आणि तो जिथं उभा होता तिथंच खाली बसला.

लच्छू भाऊंच्या हातातून कात्री कुणीतरी घेतली. त्यांची बायको दीपालीला कडेवर घेऊन राजदीपच्या गाडीत जाऊन बसली, नवऱ्याला न विचारता. पोरीला मलेरिया निघाला. मेंदूत जायच्या आत नेली म्हणून वाचली, असं चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. मांत्रिक बोडीच्या बाजूनं पळाला आणि दोन दिवसांनी सावली गावात सापडला.

पोलीस आले तेव्हा अकरा वाजले होते. साधनानं ठमाबाईचे हात सोडून तिच्या डोक्याला ओला पदर बांधला होता. दवाखान्यात न्यायच्या आधी तिचा पहिला जबाब घ्यायचा होता. हवालदारांच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं आणि सोबतची शिपाई मुलगी माणसं पांगवण्यात गुंतलेली. त्यांनी आजूबाजूला बघितलं. "इथं कुणाचं अक्षर चांगलं आहे?"

दहा-बारा बोटं माझ्याकडं वळली. मी झगा काढला होता, पण गळ्यात वाखाचे धागे अडकलेले होते. मांडी घालून बसलो, कागद घेतला.

ठमाबाई सावकाश सांगत गेली. सोमवारी गुंड कुणी उडवला. मंगळवारी वाख कुणी पेटवला. आज दारातून कुणी ओढलं, हात कुणी बांधले, कात्री कुणी चालवली. नावं सांगताना ती त्या त्या माणसाकडं बघत नव्हती, माझ्या पेनाकडं बघत होती. मी लिहीत गेलो. सवयीचं काम होतं. समास सोडला, ओळी सरळ ठेवल्या. मनात आलं, आता संपेल, मग मी तिला म्हणेन, बाई, चुकलो. कसं म्हणायचं ते जुळवतही होतो.

"झालं?" हवालदारांनी विचारलं.

"एक राह्यलं," ती म्हणाली. "बाबूचं लिवा."

मला वाटलं ती आभाराचं सांगतेय. हवालदारांनाही तसंच वाटलं असावं. ते म्हणाले, "हो बाई, यांनी तुम्हाला सोडवलं, ते घेऊ आपण."

"सोडवलं तेही लिवा," ती म्हणाली. "आन यायले सोमवारपासून माहीत होतं तेही लिवा. मंगळवारी माह्या दारावरून गेले हे. वाख जळून राह्यला होता. पाह्यलं माह्याकडं, आन गेले. तीन दिवस चूप होते."

हवालदार माझ्याकडं बघू लागले. साधना दुसरीकडं बघत होती. समाजमंदिरात तोवर बरीच माणसं परत गोळा झाली होती, भैयाजी सरही आले होते आणि दारातून मला डोळ्यांनी खुणावत होते की नको, नको.

मी लिहिलं. 'हेमराज निकुरे, वय ४६, व्यवसाय लिपिक, यांना सदर प्रकाराची संपूर्ण माहिती असताना त्यांनी तीन दिवस ती कोणासही दिली नाही.' स्वतःचं नाव मी आयुष्यात हजारो वेळा लिहिलंय. सही करताना ते कधी वाचावं लागलं नव्हतं.

कागद पुढं केला. शाईची डबी उघडली. तिनं अंगठा वर धरला, पण टेकवला नाही.

"मले वाचता येत नाई. वाचून दाखवा."

मी वाचायला सुरुवात केली. गुंड, वाख, कासरा, कात्री, सगळी नावं. शेवटच्या ओळीवर आलो तेव्हा माझा आवाज आपोआप खाली गेला, जसा पगारबिलातली चूक सरांना सांगताना जातो.

"आयकू नाई येत जी, बाबू," ठमाबाई म्हणाली. "मोठ्यानं वाचा."

मी घसा साफ केला आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. मग तिनं अंगठा दिला.